काचेवरचे किडे

कोळंब्यांना दाणा टाकायला वाकले, तेव्हा वडिलांना टाकीच्या काचेवर एक पांढरा दोरा दिसला. त्यांनी बोटाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही. मग तो दोरा वळला.

आतल्या बाजूला होता तो. केसाएवढा बारीक. त्याच्या खाली रेतीतून आणखी दोन डोकावत होते.

टाकी मुलीची. बायको गेल्यापासून घरात ते दोघंच होते, आणि आता नोकरीसाठी परगावी जाताना मुलगी आपल्या नखाएवढ्या तीसेक लाल कोळंब्या त्यांच्या हवाली करून गेली होती. काय करायचं, काय नाही, सगळं कागदावर लिहून. किड्यांचं त्यात काही नव्हतं. वडिलांनी फोनवरून तिला काचेचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. असे किडे प्रत्येक टाकीत असतातच, ती म्हणाली. रेतीत राहतात, उरलंसुरलं खातात, दाणा जास्त पडला की वर दिसायला लागतात. दाणा निम्मा करायचा, रेतीतली घाण नळीने थोडी ओढून घ्यायची, आणि पाणी अगदी थोडं बदलायचं, तेही दिवसभर भरून ठेवलेलं. नळाचं ताजं पाणी कोळंब्यांना सोसत नाही.

"काही नाही ते, बाबा," ती म्हणाली. "निरुपद्रवी असतात."

वडील बरं म्हणाले. फोन बंद झाला तरी तो हातात धरून तसेच उभे राहिले.

बत्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात एक्स-रे काढले होते. ओल्या फिल्मा चिमट्याला लावायच्या, उजेडासमोर धरायच्या. त्यात काय दिसलं ते सांगणं त्यांचं काम नव्हतं. पेशंट विचारायचेच, आणि ते म्हणायचे, डॉक्टर सांगतील. पण नजर तयार झाली होती. एखाद्या पांढऱ्या रेघेवर गेली की सहजी मागे येत नसे.

दुसऱ्या दिवशी काचेवर अकरा होते. त्यांनी दाणा निम्मा केला नाही, बंदच केला. कपाटातून भिंग काढलं. जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोर बसू लागले. एक किडा बाटलीत घालून माशांच्या दुकानात नेला, तर दुकानदार हसला. काकांचा हात फार सढळ दिसतोय, म्हणाला, काही नाही, जातील आपोआप.

दोन माणसांनी 'काही नाही' म्हटलं आणि वडिलांची झोप उडाली. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ते दोरे वळवळत. कोऱ्या भिंतीकडे पाहावं, तर तिथेही.

शनिवारी मुलगी यायची होती. शुक्रवारी सकाळीच त्यांनी बाह्या सारल्या. कोळंब्या जाळीने पातेल्यात काढल्या. रेती उकळून घेतली. पाण्यातली झुडपं फेकून दिली. काच मीठ लावून घासली, धुतली, उजेडासमोर धरून कोपरान् कोपरा पाहिला. एक रेघ नव्हती. आता घटकाभरही वाट पाहणं त्यांना जमेना. नळ सोडून टाकी भरली आणि कोळंब्या आत घातल्या.

संध्याकाळपर्यंत त्या तळाशी आडव्या झाल्या. लाल रंग जाऊन दुधी पडल्या. एकही उरली नाही.

मुलगी आली तेव्हा खिडकीतलं ऊन टाकीतून आरपार जात होतं. ती बघत राहिली. रागावली नाही. खुर्ची ओढून वडिलांजवळ बसली, मिठाने सोलवटलेली त्यांची बोटं हातात घेतली. सांगितलं होतं ना मी, एवढंच म्हणाली, तेही हळू.

"थांबून चालत नाही," वडील म्हणाले. "या वेळी मी थांबलो नाही."

"या वेळी म्हणजे?"

वडील टाकीच्या काचेकडे पाहू लागले.

"म्हणजे काय, बाबा?"

"तुझ्या आईच्या छातीचा पहिला फोटो मीच काढला होता. नुसता खोकला होता तेव्हा. उजवीकडे एक रेघ होती. दोऱ्याएवढी. मला वाटलं, फिल्मचा दोष असेल. तिने विचारलं, तर म्हटलं, काही नाही."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना दाखवलाच नाही. मी म्हटलं होतं, दाखवू या. ती म्हणाली, तुम्ही पाहिलात ना, मग झालं."

मुलीने त्यांची बोटं सोडली नाहीत, पण तिचा हात सैल पडला. मग ती उठली, बॅग उचलली आणि आपल्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं. वडिलांना वाटलं, तोंड धुऊन बाहेर येईल.

आतून कडीचा आवाज आला. त्या घरात आतून कडी कधी कुणी लावत नसे, ती गंजली होती. पहिल्यांदा बसली नाही. दुसऱ्यांदाही नाही. वडील ऐकत होते. तिसऱ्यांदा बसली.