वाक्यात उपयोग

"पॅरिया," कल्याणी माइकवर म्हणाली आणि तिने पहिल्या रांगेकडे बघितलं.

पहिल्या रांगेत श्रीधर बाळ सर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर नातीची पाण्याची बाटली. शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही. मुरलेला माणूस आहे, कल्याणीला वाटलं. सकाळी दारातच गाठ पडली होती. "आपले उच्चार फार स्वच्छ आहेत हो," एवढं बोलून पुढे गेले. ओळख दाखवली नाही. दाखवतील कशाला?

स्टेजवर त्यांची नात उभी होती. उत्कर्षा, सातवीतली. आंतरशालेय इंग्रजी स्पेलिंग स्पर्धेची ही शेवटची फेरी. समोरचा मुलगा नुकताच चुकला होता. हा एक शब्द बरोबर आला की करंडक हिचा. शब्द निवडायचं आणि उच्चारायचं काम परीक्षक म्हणून कल्याणीकडे होतं. स्पर्धक तिला शब्दाचा अर्थ विचारू शकतो, मूळ विचारू शकतो, वाक्यात उपयोग करून मागू शकतो. क्लास लावलेली पोरं तर तिन्ही विचारतातच, तेवढाच विचार करायला वेळ मिळतो. आणि परीक्षकाला उत्तर द्यावंच लागतं, तेही माइकवर, भरल्या हॉलसमोर. त्या एका वाक्यासाठी कल्याणी आज आली होती.

तीस वर्षांपूर्वी, आठवी ब मध्ये, धड्यात हाच शब्द आला होता. बाळ सरांनी तो फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "अर्थ सांगत बसत नाही, दाखवतोच. कांबळे, उभी राहा." कल्याणी उभी राहिली. अंगावर नवा युनिफॉर्म होता, बाबांनी मार्केट यार्डात पोती वाहून घेतलेला. "हं, हा अर्थ. कळलं सगळ्यांना?" सगळ्यांना कळलं. अख्खा वर्ग खिदळला. पुढे वर्षभर पोरं तिला त्याच नावाने हाका मारत होती. घरी तिने चकार शब्द काढला नाही. बाबा शाळेत येऊन सरांचेच पाय धरतील, पोरीला सांभाळून घ्या म्हणतील, याची तिला खात्री होती.

त्या रागावर ती शिकली. खोटं कशाला बोला, इंग्रजीवर तिचं प्रेम वगैरे काही नव्हतं. एम.ए. झाली, डॉक्टरेट झाली, कॉलेजात विभागप्रमुख झाली, तरी राग काही निवला नाही. स्पर्धकांच्या यादीत उत्कर्षा बाळ आणि सोबत येणार म्हणून आजोबांचं नाव दिसलं, तेव्हापासून आठ दिवस तिला जेवण गोड लागत होतं.

"मीनिंग प्लीज, मॅम?" उत्कर्षाने विचारलं.

कल्याणीने अर्थ सांगितला. समाजाने बाहेर टाकलेला माणूस.

"ओरिजिन?"

मूळ तमिळ. परै म्हणजे एक प्रकारचा ढोल. तो वाजवणाऱ्या जातीचं नाव इंग्रजांनी उचललं आणि त्याची शिवी करून टाकली.

उत्कर्षा तळहातावर बोटाने अक्षरं गिरवत होती. ओठ कोरडे पडले होते बिचारीचे. या पोरीचा काय दोष, असं एकदा कल्याणीच्या मनात येऊन गेलं. माझा तरी काय होता, हे त्याच्या मागोमाग आलं.

"सेंटेन्स प्लीज?"

तीस वर्षं घोकलेलं वाक्य होतं, कागद बघावा लागला नाही. "पुण्यातल्या एका शिक्षकाने एका हमालाच्या मुलीला भर वर्गात उभं केलं आणि सांगितलं, पॅरिया या शब्दाचा अर्थ म्हणजे ही मुलगी."

कल्याणी सरांवरून नजर काढेना. आता मान खाली जाईल, आता घाम फुटेल, आता उठून चालते होतील. सरांनी नुसतं च् च् केलं.

"पी, ए, आर, आय, ए, एच."

बरोबर! टाळ्यांचा कडकडाट झाला. करंडक द्यायला आयोजकांनी आजोबांनाच वर बोलावलं. सरांनी नातीला जवळ घेतलं, डोळे पुसले आणि माइक मागून घेतला. जन्मभर वर्गावर बोललेला माणूस तो, माइक दिसल्यावर सोडतोय होय!

"नातीचं कौतुक मी घरी करीन," सर म्हणाले. "पण मॅडमनी आत्ता जे वाक्य सांगितलं ना, ते काळजात रुतलं. मीही चाळीस वर्षं मास्तरकी केली. असली माणसं स्वतःला शिक्षक म्हणवतात, अहो, लाज वाटते! माझ्या शाळेत असं कुणी केलं असतं तर हाताला धरून बाहेर काढला असता."

पुन्हा टाळ्या. कल्याणी त्यांचा चेहरा निरखत होती. सर नाटक करत नव्हते. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. त्या दिवशी तास संपला, सर चहा प्यायला गेले, आणि त्यांच्यापुरतं तिथेच सगळं मिटलं. तिने इतकी वर्षं जे उरी बाळगलं, ते या माणसाच्या गावीही नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम," सर तिच्याकडे वळले, "ही घटना खरी असेल तर त्या नालायकाचं नाव सांगाच. कुणाची भीडभाड ठेवू नका. लोकांना कळू दे."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माइक तिच्यापुढे धरला. उत्कर्षा करंडक कवटाळून आजोबांकडे अभिमानाने बघत होती. कल्याणीने एकदा तिच्याकडे बघितलं आणि माइक घेतला.

"श्रीधर बाळ," ती म्हणाली. आणि मागच्या रांगेपर्यंत पोचलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाली.