तिसरा पेला

त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात आम्ही दोघं कोरेगावहून कवठे महांकाळला, माझ्या माहेरी, सायकलींवर निघालो. हे पलटणीतनं सुट्टीवर आले होते. मला सायकल यांनीच शिकवलेली, सीटला मागनं हात धरून पळत पळत. सायकलवरची बाई बघायला गावोगावी लोक थांबायचे आणि मी मुद्दाम घंटी वाजवायची.

दुपारी एका गुऱ्हाळावर टेकलो. तिथनं कुणी रस प्यायल्याशिवाय जात नाही. मालकीण बनाबाईंनी तीन पेले भरून आणले.

"आवं, आमी दोघंच हाय," मी म्हणाले.

"मग मागनं आला त्यो कोण?" त्या रस्त्याकडं बघत म्हणाल्या.

रस्ता मोकळा होता. यांना हसू आलं. तिसरा पेला बांधावर ठेवून यांनी मोकळ्या रस्त्याला हाक दिली, "पिऊन ये रं गड्या सावकाश."

पुढं खिंडीचा चढ लागला. हे जोरात पुढं निघून गेले. मी धापा टाकत होते, तेवढ्यात सीटला मागनं ओळखीचा आधार आला आणि सायकल हलकी झाली. हेच परत आले असणार, म्हणून मी हसत पायडल मारत राहिले. माथा दिसल्यावर म्हणाले, "सोडा आता, जमतंय मला."

आधार सुटला.

माथ्यावर हे झाडाखाली बसून टाळ्या वाजवत होते. "एकटी चढलीस की गं."

मी उतरून सीटकडं पाहिलं. मागच्या कडेला पाच बोटं उमटली होती. हात लावला. उसाच्या रसानं चिकट, आणि अजून ओली.