नक्षीदार अक्षरं

ताईला जन्मापासून दिसत नाही. भावंडांच्या ग्रुपवरचे मेसेज तिचा फोन तिला वाचून दाखवतो. पण हल्ली धाकटा भाऊ नक्षीदार इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागला होता. ती अक्षरं फोनच्या लेखी गणिताची चिन्हं; ती आली की फोन बिचारा भरकटायचा, 'गणिती तिरपा ए, गणिती तिरपा आय…' आणि शब्द काही लागायचा नाही.

"अरे, साधं लिही ना," तिने त्याला फोन करून सांगितलं.

"हौस आहे माझी. तुझ्यासाठी काय सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं?"

ताईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एका बाईंचा आखडलेला खांदा मोकळा करत असताना फोन पुन्हा सुरू झाला. 'गणिती तिरपा' ऐकून बाईंचं डोकं उठलं. "आणा इकडे, मी वाचते," त्या म्हणाल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला.

"'आईला शनिवारी वृद्धाश्रमात सोडतोय. ताई आडवी येईल, म्हणून तिला नंतर सांगू.' खाली सगळ्यांनी अंगठे दिलेत हो."

ते अंगठे तेवढे फोनने तिला स्पष्ट ऐकवले होते.

ताईने तिथल्या तिथे ग्रुपवर आपला आवाज पाठवला. "आईची बॅग भरून ठेव. मी तिला माझ्याकडे न्यायला येतेय."

भावाचं उत्तर लगेच आलं. घाईत, साध्या अक्षरांत. फोनने ते न अडखळता वाचलं.

"तुला कुणी वाचून दाखवलं?"