भिंतीवरचा तक्ता

कारखान्यात एक डॉक्टरीणबाई येऊन आम्हाला पाळीचे टप्पे शिकवून गेली. फॉलिक्युलर, ओव्ह्युलेशन आणि शेवटी पाळी येईपर्यंतचे चौदा दिवस, ते ल्युटिअल. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने "तुमच्याच आरोग्यासाठी" म्हणत भिंतीवर तक्ता लावला, त्यात प्रत्येकीच्या मशीनचा नंबर आणि पुढे पाळीची तारीख. आरोग्य कसलं डोंबलाचं. तारीख चुकली की ऑफिसात बोलावतात, आणि दिवस गेलेत असं कळलं की दुसऱ्या दिवशी तिला गेटवरूनच परत पाठवतात.

मी कॉलर शिवते. माझी तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. त्या सकाळी तक्त्याकडे बघता बघता तीन कॉलर वाकड्या शिवल्या.

"काय गं, तुझा ल्युटिअल फेज संपायचं नाव घेईना," सुपरवायझरबाई तक्त्यापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "बाकीच्यांचा चौदा दिवसांत आटोपतो."

"आत्ताच आली, बाई. पॅड द्या ना."

"मुहूर्त बघून आली म्हणायची." बाईने कपाटातून पॅड काढून दिलं आणि माझ्या नंबरापुढे लाल खूण केली.

संडासात शिरून मी कडी लावली. कोरं पॅड तसंच कागदात गुंडाळलं आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून कचऱ्याच्या डब्यात पार तळाशी हात घातला.

तिथे कागदात गुंडाळलेली आणखी तीन पॅड हाताला लागली. उघडून पाहिली तर तिन्ही कोरी.