डाव्या पिळाचं सूत

गिरजाने सुताचं टोक दाताखाली धरलं, चावलं आणि थुंकलं.

"अंबाडी. कडू लागते."

"ठेव बाजूले. पाण्यात कुजते थे." गुणाबाईने हात पुढे केला. "दुसरं दे."

माळ्यावरची टोपली अंगणात उतरवली होती. आत गुंडे, लडी, तुटके तुकडे. कोणतं सूत कशाचं आणि कोणी वळलेलं, कशाचा पत्ता नाही. सासूला अंधुक दिसे, पण बोटं शाबूत होती. सूत अंगठ्याखाली फिरवायचं आणि ओळख सांगायची.

"हे गिरणीचं. हे सणाच्या वाखाचं, तुया सासऱ्यानं वळलेलं." मग बोटं थबकली. "आन् हे इस्तारीचं."

गिरजाने लडी उन्हात धरली. पीळ उलटा चढला होता. साऱ्या ढिवरटोलीत मांडीवर डाव्या हाताने सूत वळणारा तिचा नवरा इस्तारी एकटाच.

"माया डेबऱ्याचा पीळ आंधळ्यालेबी कळते," गुणाबाई म्हणाली.

तीन वर्षांमागे वैनगंगेच्या पुरात इस्तारीचा डोंगा उलटा सापडला. माणूस सापडला नाही. वर्षभर वाट पाहून पंचांनी गिरजाच्या बांगड्या उतरवल्या.

मालगुजारी गेली, पण तलावाचा रिवाज राहिला. चैतात पाणी उतरलं की जितकी जाळी तितके मासळीचे वाटे. फेकणारा कोणीही चाले. सूत मात्र घरचं हवं, वीण घरची हवी. विकतचं जाळं लोक काठावरच अडवत. या घराचं जुनं जाळं बोट लावताच फाटत होतं.

"काय वो बाई," कुडापलीकडून मुखरू हसला, "मासोळ्या सोडून सुतळ्या धरून रायल्या का?"

"मासोळ्या हायेतच. कुडाशी रोज गळ टाकून तूच तर बसतं," गुणाबाई म्हणाली.

मुखरूची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. तो गिरजाकडे वळला तेव्हा हसू उतरलं होतं. "होळीलोक सांग, गिरजा. पाट लावाचा तर लावू. नाई म्हनशील तर मले दुसरीकडं पाहा लागंल."

तो गेला. गिरजा कितीतरी वेळ लडीवरून हात फिरवत राहिली. त्याचं हसणं तिला आवडायचं. ते आवडतं याची लाजही वाटायची.

"बाई," ती शेवटी म्हणाली, "मी तुमच्या लेकाच्याच सुताचं जाळं विनतो. पुरलं तर त्याच्या नावानं इथीच रायतो. नाई पुरलं, तर मले जाऊ द्या."

सासूची नुसती मान हलली.

दोन पिळांचं सूत एका जाळ्यात चालत नाही; फेकताना जाळं वळतं, गोल पडत नाही. फेकजाळ्याला तीस लडी लागत. डाव्या पिळाच्या निघाल्या अकरा.

गिरजा विणायला बसली. बांबूच्या सुईला सूत भरायचं, पट्टीवर घर मोजायचं, गाठ आवळायची. विणता विणता ओठांवर ओळी येत:

*तळ्याच्या काठावरी, माझी बांबूची गं सुई*
*धनी नाही घरी, त्याचं सूत बोलं बाई*

अकरा लडी माघातच सरल्या. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सूत सरलं याचं दुःख होतं की सुटल्याचं सुख, तिचं तिलाच कळेना. सकाळी सासू म्हणाली, "माळ्यावर मडक्यात पाह्य बरं, असंल अजून."

मडक्यात सहा लडी होत्या. डाव्या पिळाच्या.

पुढे कणगीमागे पाच सापडल्या. मग छपराच्या वळचणीला चार. सूत पांढरं, उंदराचा दात न लागलेलं. "झाकून होतं मनून तसं रायलं," सासू म्हणायची आणि सुकटीची टोपली डोक्यावर घेऊन काठी टेकत सोमवारच्या बाजाराला निघायची. गिरजा सोबत येते म्हणाली की हात झटकायची. "रांडमुंड बाईनं बाजार हिंडू नाई. लोकं बोलतेत."

गिरजा सूत गालाला लावायची. जाण्याआधी किती वळून ठेवलं या माणसानं! आपल्याला जन्मभर पुरावं म्हणून घरभर पेरून गेला. अशा सुताला पाठ कशी दाखवायची?

होळीला मुखरू आला. ती कुडाशी गेली आणि मान खाली घालून म्हणाली, "नाई."

"मेलेल्या मानसाशी मले भांडता येत नाई," मुखरू म्हणाला आणि गेला.

चैत लागला. जाळं ओटीवर पसरलं होतं. चार लडींचा घेर तेवढा उरला आणि सूत संपलं. मडकं, कणगी, वळचण, सगळं तिने पुन्हा पाहिलं. दुरून वाजंत्री ऐकू येत होती. गिरजा जाळ्यात तोंड खुपसून रडली.

"कोनाचं वाजून रायलं?" गुणाबाईने विचारलं.

"मुखरूचं. आरमोरीची बाई केली त्यानं."

"पाट लागला?"

"लागला."

"तू पायला?"

"पायला, बाई. घरात घेतली त्यानं तिले."

गुणाबाईने मोठा श्वास सोडला. मग जवळ सरकून सुनेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

"मंग रडतं काऊन? सोमवारी बाजारात इस्तारी भेटंल मले. सांगतो त्याले, अजून चार लडी वळून दे मनून."