हाकेला ओ

दोन बड्या विमान कंपन्या एक झाल्या आणि लांब पल्ल्याची विमानं चालवणाऱ्या एका छोट्या कंपनीचं धाबं दणाणलं. साहेबांनी फोनवाल्या बाईंना सांगून टाकलं, "सोमवारपासून तुमच्या जागी बोलणारं मशीन. बड्यांनी तेच केलंय. टिकायचं तर त्यांच्यासारखंच व्हायला हवं."

"अहो साहेब, त्यांचे प्रवासी वैतागून आपल्याकडे येतात ते कशासाठी? हाक मारली की इथे कुणीतरी ओ देतं म्हणून! माणूस देवाकडेसुद्धा त्याच आशेनं जातो."

"कीर्तन पुरे, बाई," म्हणत साहेब बॅग उचलून परगावच्या मीटिंगला निघून गेले.

एकोणीस वर्षांत कधी आवाज न चढवलेल्या बाईंनी संध्याकाळी ड्रॉवर धाडकन आपटला आणि चष्म्याचं घर, पाण्याची बाटली पिशवीत कोंबली. एवढ्यात फोन वाजला. मनातून चडफडत होत्या, तरी दुसऱ्या रिंगला हात गेलाच.



"बाई, मी बोलतोय!" पलीकडून साहेबांचा आवाज आला. "आपलं विमान तिकडे जात नाही म्हणून त्या बड्यांच्या विमानानं निघालो होतो, ते रद्द झालं. तासभर नुसतं 'एक दाबा, दोन दाबा' चाललंय. तिकडे कुणी ओच देत नाही हो!"