तीन ग्रीक अक्षरं

अलाबामातल्या त्या छोट्या पेपरात लग्नाच्या बातम्या टाइप करणाऱ्या वर्ना टिडवेलचा हात एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच थांबला. समोर वधूची आई, मिसेस कल्पेपर, पांढरे हातमोजे न काढताच बसली होती.

"अहो बाई, जावयाच्या कॉलेजातल्या बंधुमंडळाचं, त्या फ्रॅटर्निटीचं नाव कुठाय? नावाची ती तीन ग्रीक अक्षरं? दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष होता तो तिथला! नाहीतर गावाला वाटायचं, पोरगी कुणा ऐऱ्यागैऱ्याला दिली."

"ते मी टाइप करणार नाही," वर्ना म्हणाली.

आवाज ऐकून संपादक लॅथमसाहेब केबिनमधून बाहेर आले. "डोकं फिरलंय का तुझं, वर्ना? वधूचं भगिनीमंडळ, वराचं बंधुमंडळ, आपण नेहमीच छापतो. मुलगा कुठल्या मंडळातला, हे वाचकांना कळायला नको?"

वर्नाने खसकन ड्रॉवर ओढला आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःच टाइप केलेला एक कागद त्यांच्यापुढे आपटला. तिच्या एकुलत्या एका मुलाच्या, डेवीच्या मृत्यूची बातमी होती ती. मंडळात नव्या पोरांना घेण्याच्या विधीत त्याला जीव जाईपर्यंत दारू पाजली होती. त्या ओळीतली तीच तीन ग्रीक अक्षरं लाल पेन्सिलीने खोडलेली होती.

शेजारी समासात लॅथमसाहेबांच्याच हस्ताक्षरात लिहिलं होतं, "मंडळाचं नाव काढ. वाचकांना काय करायचंय?"